अंगण कोणासाठी?

मनुष्याने बांधलेल्या घराचे जितके भाग आहेत त्यांत अंगणाइतका विलक्षण भाग दुसरा नाही. माजघर, देवघर, स्वयंपाकघर ही सर्वस्वी घरच्यांची. रस्ता सर्वस्वी लोकांचा. अंगण मात्र मालकीने घराचे आणि दर्शनाने लोकांचे असते. त्याची घरपट्टी घरधनी भरतो, त्याची झाडलोट घरची माणसे करतात. परंतु घरात कामाला जुंपलेल्या माणसांस ते दिवसातून जितक्या वेळा दिसते, त्याहून अधिक वेळा ते येणाऱ्या-जाणाऱ्यांस दिसते. ज्या वस्तूचा धनी एक आणि भोक्ता दुसरा, तिच्या संबंधाने नीतीचे प्रश्न उत्पन्न व्हावयाचेच. घरापुढील जागा शोभिवंत कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता माळ्याचा आहे. परंतु ती कोणासाठी शोभिवंत करावयाची, आणि त्या शोभेची किंमत कोणी द्यावयाची, असे विचारू लागताच तो एकट्या माळ्याचा राहत नाही. तो प्रत्येक गृहस्थाचा होतो. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांस घरापुढे चार हात जमीन लाभली आहे, किंवा पुढे लाभावी अशी इच्छा आहे, त्यांनी त्याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे.

या विचारास ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांइतके योग्य ठिकाण आम्हांस दुसरे सुचत नाही. शहापुराहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातसा नदीच्या काठी सापगाव नावाचे गाव आहे. वरच्या अंगास भातसा धरण. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडावयाचे झाले म्हणजे सापगाव आणि नदीकाठच्या इतर गावांस सावधगिरीचा इशारा देण्यात येतो. या मुलखात आज दोन प्रकारची अंगणे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. एक, भाताची शेती करणाऱ्या कुणब्या-आगऱ्यांच्या, ठाकूर-कातकऱ्यांच्या घरापुढचे. दुसरे, मुंबई, ठाणे, कल्याण येथील सुखवस्तू लोकांनी सुट्टीच्या दिवसांसाठी बांधलेल्या बंगल्यांपुढचे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून हा मुलूख शहरास आणखी जवळ आला आहे. पहिल्या प्रकारचे अंगण क्रमाने मागे सरत आहे आणि दुसऱ्याचे अनुकरण गावातील नवी घरेही करू लागली आहेत. ही केवळ आवडीनिवडीची बाब आहे काय, की तीत बऱ्यावाईटाचा काही भाग आहे, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम जुन्या अंगणाकडे वळू. भातशेतीच्या मुलखात घरापुढील जागा ही मुख्यतः खळे असे. पावसाळा सरला की गवत खुरपून, माती चोपून, शेणाने सारवून ती जमीन टणक करावयाची. मग तिच्यावर भाताचे भारे येऊन पडावयाचे, झोडणी व्हावयाची, रास लागावयाची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांच्या ज्या हक्कांचे वर्णन आहे, ते हक्क वसूल होण्याची जागा खळे हीच होती. सुगी संपली की त्याच जागेत कार्तिकात तुळशीचे लग्न. पुढे मुलीच्या लग्नाचा मांडव. उन्हाळ्यात कुरडया, पापड, मिरच्या, आमसुले यांची वाळवणे. रात्री अंथरुणे टाकून झोपणे. आणि घरातील वडील माणूस गेले म्हणजे त्याची अखेरची तयारीही तेथेच. सापाविंचवांच्या मुलखात घरापुढची जमीन मोकळी, झाडलेली आणि स्वच्छ असणे हे जिवाच्याही सोयीचे असते. कंदील घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यास पुढे काय आहे ते दिसते. सापगावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्या बाजूच्या शेतकऱ्यास हे कोणी शिकवावे लागत नाही.

या अंगणास शोभा नव्हती काय? होती, परंतु ती वेगळी आणून लावलेली नव्हती. सारवलेल्या जमिनीवरील हाताच्या बोटांची वळणे, तुळशीवृंदावनापुढची रांगोळी, मांडवावर चढलेला दुधी किंवा भोपळा, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ, कर्दळ आणि अळू, कुंपणाकडेला गुलबक्षी आणि झेंडू: यांतील एकही गोष्ट निव्वळ पाहण्यासाठी म्हणून केलेली नव्हती, आणि तरीही पाहणाऱ्याचा डोळा निवत असे. उपयोग आणि शोभा यांची तेथे फारकत झालेली नव्हती.

एवढे म्हणून थांबणे सोपे आहे, आणि जुन्या अंगणाविषयी लिहिणारे पुष्कळ लोक येथेच थांबतात. आम्हांस तसे करता येत नाही. त्या अंगणाची शोभा पहाटे उठून सडा घालणाऱ्या, शेण कालवणाऱ्या, वाकून सारवणाऱ्या सुनांच्या आणि मुलींच्या पाठीवर उभी होती. जो पुरुष ओटीवर बसून त्या प्रसन्नतेचा आस्वाद घेई, त्याच्या हातास शेण क्वचितच लागले असेल. दुसरे त्याहून कठोर आहे. अंगण हे सर्वांचे स्वागत करीत नव्हते. कोणी उंबऱ्यापर्यंत यावे, कोणी ओटीच्या पायरीशी थांबावे आणि कोणी अंगणाच्या बाहेरूनच हाक द्यावी, याचे नियम ठरलेले होते. आणि राबून खळ्यावर धान्य आणणाऱ्या हातांपैकीच काहींना खळ्याच्या कडेला दूर उभे राहून आपला वाटा पदरात घ्यावा लागे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता कायद्याने नाहीशी केली. परंतु ज्या अंगणाची स्तुती आपण करतो त्याच्या कडेस ती रेषा एके काळी होती, हे स्तुती करताना विसरणे हा अप्रामाणिकपणा होय. म्हणून 'जुने अंगण परत आणा' असा आमचा उपदेश नाही. त्यातील उपयोग आणि शोभा यांचा मेळ घ्यावा. एकाच्या पाठीवर उभे राहणारे सौंदर्य आणि एकास बाहेर ठेवणारी मर्यादा ही दोन्ही टाकून द्यावी.

आता नवे अंगण. लोखंडी फाटक, उंच भिंत, फाटकापासून दारापर्यंत फरसबंद वाट, दोन्ही बाजूंस हिरवळ, हिरवळीच्या कडेने सारख्या अंतरावर उंच ताड, मध्ये एखादे कारंजे किंवा सिमेंटचा बगळा. या चित्राचा मुख्य प्राण म्हणजे हिरवळ. ती कोठून आली हे पाहिले तर तिचा अर्थ कळतो. अठराव्या शतकात इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांपुढे लान्सेलॉट ब्राउन यासारख्या उद्यानरचनाकारांनी गवताची विस्तीर्ण मैदाने पसरली. ज्याच्यापाशी पुष्कळ जमीन आहे आणि ती पिकाखाली न आणताही ज्याचे चालते, त्याच्याच दारी असे मैदान शोभे. गवत कापावयास विळे घेतलेले मजूर लागत. १८३० साली एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र काढले आणि मध्यम स्थितीतील गृहस्थासही लहानशी हिरवळ परवडू लागली. पुढे अमेरिकेत फ्रँक स्कॉट याने १८७० साली उपनगरातील घरांच्या परिसरावर ग्रंथ लिहिला आणि घरापुढील जागा कुंपण घालून शेजाऱ्यांच्या दृष्टीआड करणे हे शेजारधर्मास सोडून आहे, असे प्रतिपादन केले. त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, १८९९ साली, थोर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने चैनखोर वर्गावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात याच हिरवळीचा वेगळा उलगडा केला. त्याचे म्हणणे असे की, कुरणाचे गवत कातरून ठेवावयाचे तर त्यासाठी गाय हाच सर्वांत योग्य प्राणी. परंतु गायीस उपयुक्ततेचा आणि काटकसरीचा वास येतो, म्हणून धनिक लोक तिच्या जागी हरणे ठेवणे पसंत करतात. अर्थात जी शोभा निरुपयोगी असल्याचे उघड दिसते तीच प्रतिष्ठेची ठरते.

व्हेब्लेनच्या या निरीक्षणात कडवटपणा आहे, पण तथ्यही आहे. सुंदर वस्तू आवडणे निराळे आणि ती बाळगण्याची ऐपत दाखविणे आवडणे निराळे. दोन्ही भावना एकाच मनात, एकाच वस्तूच्या ठिकाणी, बेमालूम मिसळलेल्या असतात. आणि अंगण ही परक्याच्या दृष्टीस पडणारी जागा असल्यामुळे तेथे दुसरीचा जोर सहज वाढतो. आपल्या मनाची परीक्षा घ्यावयाची तर एक साधा प्रश्न पुरे: हे अंगण कोणीही पाहणार नाही असे ठरले, तर यातील कोणती वस्तू आपण ठेवू? मोगरा बहुधा राहील. सिमेंटचा बगळा राहील असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. हिरवळ परदेशातून आली म्हणून ती वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसे मानले तर आमच्या अंगणांत फारच थोडे शिल्लक राहील. ज्या झेंडूवाचून आमचा दसरा होत नाही तो मेक्सिकोकडील, देवळापुढचा खुरचाफा मध्य अमेरिकेतला, गुलबक्षी अमेरिका खंडातली, बोगनवेल ब्राझीलची, सदाफुली आणि गुलमोहर ही दोन्ही मादागास्करची. ही सर्व परकी होती आणि आता घरची झाली. कारण येथील ऊन, येथील पाऊस आणि येथील माती यांच्याशी त्यांनी जमवून घेतले. परकेपणा हा दोष नव्हे. आल्या ठिकाणच्या परिस्थितीशी जुळवून न घेता तिलाच आपल्यासाठी वाकावयास लावणे, हा दोष होय. आणि तो जसा वनस्पतीच्या ठायी, तसाच माणसाच्या ठायीही संभवतो.

इंग्लंडात वर्षाचे बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडतो. तेथे हिरवळ ही जवळजवळ आपोआप होणारी गोष्ट आहे. शहापूर-मुरबाडकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि जमीन उताराची. पडलेले पाणी मुरण्याआधीच ओढ्यानाल्यांवाटे निघून जाते. ज्येष्ठात धो धो आणि चैत्रात घसा कोरडा, असा हा मुलूख. तेथे हिरवळ उन्हाळ्यात जगवावयाची म्हणजे काय, हे अंकगणिताने पाहू. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पसरले तर ते एक लिटर होते. चैत्र-वैशाखात गवत हिरवे ठेवण्यास दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, हिरवळीस रोज चारशे ते पाचशे लिटर पाणी लागेल. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ठरविलेले प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे. म्हणजे एका गुंठ्याची हिरवळ सात ते नऊ माणसांचे पाणी रोज पिते. आणि बंगल्याचे मालक आठवड्यातून दोन दिवस येवोत वा न येवोत, ती सातही दिवस पिते.

हा हिशेब दुसऱ्या कोठे मांडला तर कदाचित कृपणपणाचा वाटेल. या तालुक्यात तो वेगळा वाटतो. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला आणि तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबईस जात आहे. पुढे वैतरणेवरील मोडक सागर झाला, १९८० च्या दशकापासून भातसेचे पाणी जाऊ लागले, आणि आज एकट्या भातसेतून मुंबईच्या गरजेचा जवळजवळ निम्मा वाटा भागतो. धरणातून सोडलेले हे पाणी पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत नदीच्या पात्रातूनच वाहत येते. म्हणजे भातसेकाठच्या गावांसमोरून भर उन्हाळ्यातही जे पाणी वाहते, ते महानगराच्या वाट्याचे असते. आणि याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावे आणि पाडे उन्हाळा आला की टँकरची वाट पाहतात. डोक्यावर दोन-तीन हंडे घेतलेल्या बायका चढणीच्या वाटा तुडवितात. ज्या वाटेने हंडा जातो त्या वाटेवर, भिंतीच्या फटीतून दिसणारी फवाऱ्याखालची हिरवळ ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. तिच्याकडे पाहून त्या बाईच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करणे हाच या प्रश्नातील नीतीचा आरंभ होय.

कालिदासाची शकुंतला झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी पीत नसे, असे कण्वमुनी तिला निरोप देताना आश्रमातील वृक्षांस सांगतात. वृक्षप्रेमाचे हे उदाहरण आपण मुलांस आवडीने शिकवितो. परंतु त्यातील मर्म बहुधा सुटते. शकुंतलेने झाडांसाठी जी तहान सोसली ती तिची स्वतःची होती. आजच्या अंगणातील झाडे आणि गवत ज्या तहानेवर वाढतात ती पुष्कळदा दुसऱ्याची असते. प्रेमाची किंमत प्रेम करणाऱ्याने दिली की तो त्याग. तीच किंमत शेजाऱ्याकडून वसूल केली की ते प्रेम राहत नाही, मग त्यास उद्यानकला म्हणा की आणखी काही म्हणा.

यावर कोणी म्हणेल, 'जमीन माझी, विंधन विहीर माझी, विजेचे बिल माझे. यात शेजाऱ्याचा संबंध काय?' कायद्याने पाहता या म्हणण्यास एके काळी बराच आधार होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा मालकाचा हक्क मान्य केला होता. परंतु कातळातील भेगा सात-बाराचा उतारा पाहून वाहत नाहीत. तीनशे फूट खोल गेलेली नळी ज्या भेगेतून पाणी ओढते, तीच भेग पलीकडच्या गावविहिरीस पाणी पुरवीत असण्याचा संभव असतो. महाराष्ट्रानेही २००९ साली भूजलाच्या नियमनाचा कायदा करून हे पाणी निव्वळ खासगी बाब नाही, हे तत्त्व स्वीकारले आहे. मालकी जमिनीच्या पृष्ठभागास रेघ ओढू शकते. खालच्या पाण्यास आणि वरच्या देखाव्यास ती ओढू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'तुमच्या या न्यायाने, जोवर एकही माणूस तहानलेला आहे तोवर कोणी फूलझाड लावू नये, असे होईल. मग जगात सौंदर्यास जागा कोठे?' हा आक्षेप करणारा सौंदर्य ही पोट भरल्यानंतरची वस्तू मानतो; आम्ही तसे मानीत नाही. या मुलखातील एखाद्या ठाकूरवाडीत किंवा कातकरवाडीत जाऊन पाहावे. कारवीच्या कुडाचे घर, आत दोन-चार भांडी. पण पुढची जमीन सारवलेली, आणि कडेला झेंडूची नाहीतर गुलबक्षीची रोपे. अनेक कातकरी वाड्यांत घराखालची जमीनसुद्धा राहणाऱ्याच्या नावावर नाही. उद्या उठावे लागेल की काय याची शाश्वती नसलेला मनुष्य आज दारात फूल लावतो, याहून सौंदर्याच्या गरजेचा बळकट पुरावा कोणता द्यावा? तेव्हा आमचा वाद सौंदर्याशी नाही. आमचा वाद उधळपट्टीलाच सौंदर्य समजण्याशी आहे. त्या झेंडूस जेवढे पाणी लागते तेवढे भांडी विसळलेल्या पाण्यातून निघते. आणि त्याचे सौंदर्य त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

हिरवळीच्या या जाचास कंटाळून काही लोक दुसऱ्या टोकास जातात आणि सारे अंगण सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकून टाकतात. गावातील नव्या घरांत हा प्रकार फार बोकाळला आहे. चिखल नाही, सारवणे नाही, केर चटकन निघतो; विशेषतः ज्या बायकांच्या कंबरा सारवून मोडल्या त्यांस हा मोठा सुटकेचा उपाय वाटला तर त्यात नवल नाही आणि दोषही नाही. तथापि ठोकळ्यांनी झाकलेली जमीन दुपारी तव्यासारखी तापते, रात्री उशिरापर्यंत ती धग घरात सोडते, आणि पावसाचे जे थोडे पाणी मुरावयाचे तेही रस्त्यावर लोटून देते. यास्तव वापराच्या वाटेपुरती आणि वाळवणाच्या जागेपुरती फरशी घालावी, तीही सांधे उघडे ठेवून. बाकीची जमीन जमीनच राहू द्यावी.

मग अंगण करावे तरी कसे? आम्ही माळी नव्हे. परंतु वरील विचारातून जे आपोआप निष्पन्न होते तेवढे सांगतो. प्रथम एक संपूर्ण वर्ष त्या जागेकडे पाहावे. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते, वारा कोणत्या अंगाने येतो, लोकांची पायवाट कोठून आहे, हे कळल्यावाचून एकही खड्डा खणू नये. जमिनीस उतार असेल तर दगडांची एक-दोन बुटकी ताली घालून पाणी थोपवावे आणि मुरू द्यावे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर या मुलखात वर्षाला दोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते; ते पन्हळीवाटे खड्ड्यात किंवा विहिरीकडे नेण्याची सोय हाच अंगणाच्या रचनेचा पाया समजावा. हे काम डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच ते प्रथम करावे.

झाडे निवडताना पश्चिमेचे ऊन अडविणारे एक मोठे झाड हवे. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी राहते आणि तिची सावली दाट. ज्यास घाई आहे त्याने बहावा किंवा तामण लावावे. बहावा ऐन उन्हाळ्यात, पाने झडली असता, पिवळ्या घोसांनी लवतो. आणि तामण हे तर महाराष्ट्राचे राज्यपुष्पच, जे मूळचे ओढ्यानदीकाठचे. कुडा हा आपल्याच रानातला, पांढऱ्या फुलांचा. त्यास बंगल्यात जागा देण्याचे कोणाच्या मनात येत नाही, एवढाच त्याचा अपराध. वड, पिंपळ, उंबर ही थोर झाडे; परंतु घराच्या पायापासून ती दूरच बरी. पारिजातक, सोनचाफा, अनंत, मोगरा यांनी ऋतूंची वाटणी करून घ्यावी, म्हणजे एकदम सर्व फुलण्याऐवजी पाळीपाळीने सुगंध दरवळत राहतो. अंगण उन्हाळ्यात थोडे सुकलेले दिसले तर त्याची लाज वाटू देऊ नये. ज्या मुलखाचे डोंगर वैशाखात तपकिरी होतात आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर आठ दिवसांत हिरवे होतात, त्या मुलखातील अंगणानेही तसेच व्हावे. बाराही महिने सारखे दिसणारे अंगण ऋतूचे आगमन घरच्यांस कळूच देत नाही. हिरवळ हवीच असेल त्याने पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या गवताची हौस करावी आणि उन्हाळ्यात तिला विश्रांती द्यावी. न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी केळीस, कर्दळीस व अळवास द्यावे. आणि या सर्वाची निगा घरातील एकाच व्यक्तीच्या गळ्यात न पडेल एवढेच अंगण राखावे. जेवढे घरातील सर्वांस मिळून, पुरुषांस धरून, सांभाळता येईल तेवढेच आपले.

आता भिंतीविषयी. स्कॉटचे म्हणणे की घरापुढील जागा शेजाऱ्यापासून झाकूच नये, हे आम्हांस सर्वांशी पटत नाही. एकांत ही माणसाची खरी गरज आहे, आणि गुरेढोरे व शेळ्या फिरत असलेल्या गावात कुंपण नसेल तर रोप जगावयाचे नाही. परंतु कुंपण आणि तट यांत भेद आहे. कोकणपट्टीत निर्गुडीची, अडुळशाची, मोगली एरंडाची वई घालतात. गुरे त्यांस सहसा तोंड लावीत नाहीत, वारा आरपार जातो, आणि पलीकडून जाणाऱ्यास आतले माणूस व आतल्यास वाटेवरचे माणूस दिसते. वरच्या कडेला काचांचे तुकडे बसविलेली आठ फुटी भिंत मात्र बाहेरच्या प्रत्येकास चोर ठरवून मोकळी होते. शिवाय तिच्यामुळे मालकाचाही तोटाच होतो. जपानातील उद्यानकारांनी एक रीत बसविली आहे: दूरचा डोंगर आपल्या बागेच्या चित्रात अशा युक्तीने सामावून घ्यावयाचा की तो बागेचाच भाग वाटावा, यास ते उसना घेतलेला देखावा म्हणतात. शहापूरच्या परिसरात माहुलीसारखा सुळक्यांचा डोंगर क्षितिजावर उभा आहे. तो कोणाच्याही सात-बाऱ्यावर चढत नाही आणि कोणाकडूनही पाणी मागत नाही. त्यास भिंतीआड करून पुढ्यात सिमेंटचे कारंजे बांधणारा मनुष्य सौंदर्यासाठी पैसे खर्च करतो असे आम्हांस म्हणवत नाही.

फाटकाबाहेर, मालकीच्या रेषेच्या टोकाशी, सावलीत एक दगडी बाक आणि एक पाण्याचा माठ ठेवता आला तर अंगणाचा धर्म निम्मा पाळला गेला असे आम्ही समजू. माठ रोज धुवावा, पाणी रोज बदलावे. डासांची पैदास हे काही आतिथ्य नव्हे. एके काळी ज्या रेषेवर माणसे अडविली जात, त्याच रेषेवर आता कोणासही न विचारता बसता आणि पिता यावे, यात झालेल्या चुकीची थोडीशी भरपाईही आहे.

शेवटी एक गोष्ट शहरातून या मुलखात घर बांधावयास येणाऱ्या सुशिक्षित बंधुभगिनींस सांगावीशी वाटते. ते स्वतःस येथे नवखे समजतात. ग्रामस्थही त्यांस पाहुणे समजतात. वस्तुतः दोघांचाही अंदाज चुकीचा आहे. ज्याने मुंबईत जन्म काढला तो लहानपणापासून तानसेचे, वैतरणेचे आणि भातसेचे पाणी पीत आला आहे. तो येथे येतो तो पाहुणा म्हणून नव्हे, तर जुना ऋणको म्हणून. आणि हे ऋण कोणत्या सावकाराच्या वहीत लिहिलेले नसल्यामुळे ते फेडण्याची सक्ती त्यावर कोणी करणार नाही. कर भरून ते फिटत नाही, कारण तो कर या पाड्यांवर पोहोचत नाही. त्याच्या हाती असलेले साधन म्हणजे त्याच्या दारापुढची जमीन. तिच्यावर पडलेले पाणी तो मुरू देईल, शेजारच्या विहिरीस चार बोटे ओल अधिक राहील असे करील, वाटसरूस सावली देईल, आणि उन्हाळ्यात आपले गवत सुकू देईल, तर ती फेड फार लहान असली तरी खरी असेल. तसे न करता त्याने या मुलखाकडे आणखी पाणी मागितले, तेही निव्वळ डोळ्यांच्या सुखासाठी, तर मात्र कितीही कलात्मक रचना केली तरी त्याचे अंगण आमच्या मते कुरूपच राहील.